आधी कानांनी वाचू द्या

‘सीनियर केजीत गेला, पण अजून बाराखडी येत नाही हो. शेजारची मुलगी पेपरातले मथळे वाचते!’ मुलांचं वाचनालय चालवत असल्यामुळे असली वाक्यं नेहमी कानांवर पडतात. बोलणाऱ्या आईच्या किंवा बाबांच्या आवाजात काळजी असते, थोडा संकोचही असतो. ज्याच्याबद्दल हे चाललेलं असतं तो पाच वर्षांचा गृहस्थ मात्र तिथंच उभा राहून सगळं ऐकत असतो. म्हणून पहिली विनंती ही, की हे त्याच्यासमोर बोलू नका. दुसरी विनंती जरा लांबलचक आहे. तीच करायला आज बसले आहे.

आपल्याकडे घरात पुस्तक येतं ते बहुतेक वेळा अभ्यास म्हणून. मूल तीन वर्षांचं झालं की अंकलिपी येते, मग गिरवायच्या वह्या, मग शाळेनं सांगितलेली वर्कबुकं. वाचायला शिकवायचं म्हणजे अक्षरं ओळखायला लावायची, आणि गोष्टीचं पुस्तक हे अक्षरं आल्यावर मिळणारं बक्षीस, अशी आपली समजूत. हा क्रम मला उलटा वाटतो. गोष्ट आधी हवी, अक्षर मागाहून आलं तरी चालेल. मुलांचे लाड करावेत म्हणून मी हे म्हणत नाही. आपली देवनागरी ज्या रीतीनं चालते तिच्यातच याचं कारण आहे, आणि ते पालकांना सहसा कुणी नीट सांगत नाही.

इंग्रजीची अक्षरं सव्वीस. ती पाठ लवकर होतात, पण पुढं स्पेलिंग नावाचं प्रकरण वर्षानुवर्षं पुरतं. मराठीत सुरुवातीलाच पसारा मोठा. मुळाक्षरं, त्यांना लागणारे काना, मात्रा, वेलांट्या, उकार, आणि वर जोडाक्षरं. एकदा हे सगळं आलं की मात्र जवळजवळ कुठलाही शब्द वाचता येतो. त्यामुळे मराठी वाचणाऱ्या मुलाला पहिली काही वर्षं जास्त लागणारच. जोडाक्षरांवर पकड यायला पुष्कळदा तिसरी-चौथी उजाडते, आणि त्यात मुलाच्या हुशारीचा काही संबंध नसतो. एकट्या ‘र’कडे पाहा. ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर चढतो, ‘चक्र’मध्ये खाली तिरकी रेघ होतो, ‘ट्रक’मध्ये त्याच्या दोन रेघा होतात आणि ‘दऱ्या’मध्ये तो आणखी निराळाच दिसतो. ‘कि’ वाचायला घ्यावं तर वेलांटी आधी दिसते आणि उच्चार मात्र ‘क’चा आधी करायचा. ‘डावीकडून उजवीकडे वाच’ असं नुकतंच शिकवलेल्या मुलाला ही चक्क फसवणूक वाटते. त्याचं काय चुकलं?

बरं, मराठी जशी लिहितो तशीच वाचतो, असं आपण अभिमानानं सांगतो तेही पुरतं खरं नाही. ‘बदक’ घ्या. अक्षरं सुटी वाचली तर ब, द, क. प्रत्येकात ‘अ’ पुरा. प्रत्यक्ष बोलताना मात्र आपण शेवटच्या ‘क’मधला ‘अ’ गाळून टाकतो. ‘समजला’ म्हणताना मधला ज अर्धा होतो. हे कागदावर कुठंही लिहिलेलं नसतं. ‘जहाज’मध्ये दोन ज आहेत, दोन्ही अगदी सारखे काढलेले, पण पहिला ‘जीवन’मधला आणि दुसरा ‘जाड’मधला. ‘चार’ म्हशींना घालायचा ‘चारा’ यात च एकच दिसतो आणि ऐकू मात्र दोन येतात. डोक्यावरचं टिंब तर ‘आंबा’त एक आवाज करतं, ‘पंखा’त दुसरा आणि ‘चंद्रा’त तिसरा. मोठ्यांच्या हे लक्षातसुद्धा येत नाही, कारण आपले कान ते परस्पर सांभाळून घेतात.

मुलाचं काय होतं? ज्यानं ‘जहाज’ हा शब्द ऐकलेला आहे, गोष्टीत त्याला भेटलेला आहे, तो अडखळत ज, हा, ज असं म्हणतो, क्षणभर थांबतो आणि एकदम ओरडतो, ‘अरे, जहाज!’ त्याला नियम कुणी शिकवलेला नसतो. ज्यानं तो शब्द कधी ऐकलाच नाही, तो त्या तीन तुकड्यांपाशीच बसून राहतो. अक्षरं दोघांनाही सारखीच येतात. फरक पडतो तो आधी कानात काय साठलं आहे याचा.

असं अडून बसणारी मुलं थोडीथोडकी नाहीत. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या सर्वेक्षणाबद्दल तुम्ही ऐकलं असेल. गावोगावी घरी जाऊन मुलांना वाचायला देतात: आधी अक्षरं, मग शब्द, मग छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०२४च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी ती गोष्ट वाचू शकणारी मुलं साधारण २७ टक्के होती. म्हणजे चारातली तीन मुलं कुठल्या ना कुठल्या आधीच्या पायरीवर थांबलेली. शहरातल्या, भरमसाट फी भरणाऱ्या पालकांना वाटतं की हे आपल्याबद्दल नाही. मग त्यांनी आपल्या तिसरीतल्या मुलासमोर मराठीचं एखादं पान ठेवून पाहावं.

तर कान भरायचे कसे? वाचून दाखवून. याला दुसरी युक्ती मला माहीत नाही. घरातलं आपलं रोजचं बोलणं तपासून बघा: आवर, जेव, दूध संपव, बूट कुठायत, पसारा उचल, आता झोप. प्रेमाचं असलं तरी हे बोलणं थोड्याच शब्दांत फिरत राहतं. कुजबुज, हिरमुसणं, वळचण, डोह, घनदाट, तुरुतुरु, दबा धरून बसणं हे शब्द स्वयंपाकघरात सहज येत नाहीत, गोष्टीत येतात. आणि गोष्टीत त्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. ससा वळचणीला दडला आणि वाघ बाहेरून गेला, एवढं ऐकल्यावर वळचण ही दडायची जागा आहे हे मूल ओळखतंच.

सुरुवात कधी करायची, असं विचाराल तर बाळ मान धरायला लागलं की. हसू नका. अमेरिकेत बॉस्टनच्या एका रुग्णालयात १९८९मध्ये बालरोगतज्ज्ञांनी तपासणीला आलेल्या बाळाच्या हातात पुस्तक द्यायला सुरुवात केली आणि पुढं ती चळवळ देशभर पसरली. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४मध्ये तर जन्मापासूनच वाचून दाखवायचा सल्ला पालकांना देण्याची शिफारस केली. आपल्याकडे लसीकरणाच्या कार्डाबरोबर एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मिळायला काय हरकत आहे, असं मला नेहमी वाटतं. बाळ ते चावेल, आपटेल, उलटं धरेल. त्याला बोलता येत नाही म्हणून आपण त्याच्याशी बोलायचं थांबतो का? तसंच हे.

वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला गोष्ट सलग वाचून दाखवायचा हट्ट नको. पान उघडा, बोट ठेवा, ‘ही माऊ. माऊ काय करतेय? झोपलीय.’ झालं. त्याला पुढचं पान उलटायचं असेल तर उलटू द्या, मागं जायचं असेल तर मागं. पुस्तक संपवणं हे ध्येय मोठ्यांचं असतं.

मग एक काळ येतो, अडीच-तीन वर्षांच्या सुमाराचा, जेव्हा एकच पुस्तक रोज लागतं. रोज म्हणजे रोज. एकच ओळ गाळली तरी पकडतात. आईबाबा कंटाळून पुस्तक कपाटावर टाकतात आणि नवं आणतात. असं करू नका. मूल तेव्हा फार मोठं काम करत असतं. पहिल्या वेळी त्याला चित्रं दिसतात. पुढं कधीतरी त्याला कळतं की कावळा आता खोटं बोलणार आहे, आणि तो बोलायच्या आधीच ते हसतं. मग शब्द पाठ होतात, कुठल्या पानावर कुठलं वाक्य हे कळतं. एक दिवस ते पुस्तक हातात घेऊन, कधी उलटं धरून, अख्खी गोष्ट ‘वाचून’ दाखवतं. मोठ्यांसारखा आवाज काढून, बोट फिरवून. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘वाचत कुठाय, पाठ म्हणतोय नुसता!’ न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी १९६६मध्ये आपल्या संशोधनात नेमकं याच वागण्याकडे लक्ष वेधलं. शाळा वाचायला शिकवायला लागते त्याच्या पुष्कळ आधी वाचन मुलात उगवू लागलेलं असतं, हे त्यांनी मांडलं. पुस्तकाला सुरुवात आणि शेवट असतो, पानावरच्या खुणा काहीतरी ‘बोलतात’, आणि त्या दर वेळी तेच बोलतात, हे त्या पाठ म्हणणाऱ्या मुलाला कळलेलं असतं. पुढचं सगळं याच समजुतीवर उभं राहतं. त्याला दुरुस्त करू नका. श्रोता बना आणि ऐका.

आता ज्या सवयीचा मला मनापासून राग येतो तिच्याबद्दल. गोष्ट संपली रे संपली की आपण विचारतो, ‘मग यातून काय शिकलास?’ आपल्याला तात्पर्याची फार हौस. सिंह आणि उंदीर झाले की लहानांनाही कमी लेखू नये, कोल्हा आणि द्राक्षं झाली की अमुक. शाळेत गोष्टीखाली प्रश्न असतातच: ससा कुठे राहत होता? उंदराने काय केले? घरीसुद्धा तेच सुरू केलं, तर गोष्टीच्या शेवटी परीक्षा असते हे मुलाला दोन-तीन वेळांत कळतं, आणि परीक्षेची आवड कुणाला असते? त्यापेक्षा स्वतःचं मत सांगा. ‘मला नाही बुवा तो कोल्हा आवडला.’ ‘मी असते तर पळाले असते.’ मूल लगेच वाद घालायला येतं. कधी काहीच बोलत नाही, आणि आठवड्यानं आंघोळ करताना अचानक विचारतं, ‘त्या म्हातारीला भोपळ्यात श्वास कसा घेता आला?’ त्या प्रश्नासाठी गोष्टीला मध्ये आठवडाभर मोकळं सोडावं लागतं.

वाचताना बोट ओळीखालून फिरवायचं का? कधी फिरवा, कधी नाही. मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर पानावर दिसलं तर ‘अय्या, हा तुझा म’ एवढंच म्हणा आणि पुढं जा. गोष्ट थांबवून अक्षरओळख घ्यायची नाही. सगळ्या पात्रांचे आवाज काढता आलेच पाहिजेत असंही काही नाही. दमलेल्या आवाजात, जांभया देत वाचलेली गोष्टही मुलांना चालते. रात्रीची दहा-पंधरा मिनिटं पुरतात. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी नाही.

आणि हे काम आईचंच, असं कृपा करून ठरवू नका. बाबांनी वाचलेल्या गोष्टीला मुलांच्या लेखी वेगळं वजन असतं. घरी यायला उशीर होत असेल तर रविवार आहेच. आजी-आजोबा परगावी किंवा परदेशी असतील तर व्हिडिओ कॉलवर पुस्तक धरून वाचतात. अमेरिकेतल्या नातवंडांना इथून रोज गोष्ट वाचणारे आजोबा माझ्या ओळखीत आहेत.

‘आमच्या घरी वाचणारं कुणी नाही, आजीला सहीपुरतंच येतं’, असंही काही जण दबक्या आवाजात सांगतात. आजीला चिऊ-काऊची गोष्ट येते ना? लेकीकडून भोपळ्यात बसून परतलेल्या म्हातारीची? तिच्या गावातल्या भुताची, पुराची, हरवलेल्या म्हशीची? कान भरायला हे सगळं पुस्तकाइतकंच चालतं. चित्रांचं पुस्तक आजीच्या मांडीवर ठेवा. त्यातली चित्रं बघून ती जे सांगेल ती त्या दिवशीची गोष्ट. माधुरी पुरंदऱ्यांचं ‘चित्रवाचन’ नावाचं पुस्तकच आहे, त्यात मोठाली गजबजलेली चित्रं आहेत आणि बोलायचं काम बघणाऱ्यांनी करायचं आहे. अशा पुस्तकापुढं आजी आणि पदवीधर सून एका पायरीवर असतात.

इथंच बोलीचाही मुद्दा येतो. घरात अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणारं मूल पुस्तकातली भाषा ऐकून बावरतं. त्याला सुधारत बसू नका. पुस्तक जसं आहे तसं वाचा आणि त्यावर गप्पा मात्र घरच्या बोलीत मारा. दोन्ही आवाज त्याच्या कानात शेजारी शेजारी राहू देत. ठाणे-पालघरच्या आदिवासी भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, मूल जिथं आहे तिथूनच सुरुवात करायची, हे फार लवकर ओळखलं होतं. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या ताराबाईंनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं. ते १९५७मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखायला गेलेल्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. आणि आधी गाणी, गोष्टी, गप्पा. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातल्या शिक्षकालाही नवा वर्ग वश होतो तो गोष्टीमुळे आणि मग हळूहळू वर्गात वाचायची पुस्तकं येतात. हे लिहून नव्वद वर्षं उलटली. आपण अजून तिसऱ्या वर्षी पाटी-पेन्सिल घेऊन बसतो.

पाटीवरून आठवलं. लिहिण्याची घाई तर वाचण्याच्या घाईहून वाईट. तीन-साडेतीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल धरून वळणदार ‘अ’ काढायचं बळ आलेलं नसतं. त्या बोटांना मटार सोलू द्या, कणकेचा गोळा मळू द्या, रांगोळीची चिमूट सोडू द्या, मातीत रेघोट्या मारू द्या. मूल वेड्यावाकड्या रेघा काढून ‘ही माझी वाण्याची यादी’ असं म्हणालं, तर ती यादी घेऊन खरंच दुकानात जा आणि विचारा, ‘यात काय काय लिहिलंयस?’ साखर, बिस्किटं, चेंडू. बोललेलं कागदावर उतरतं आणि कागदावरचं पुन्हा बोलता येतं, हे त्याला समजलेलं आहे. आकार येतील मागून. अक्षरंही अंकलिपीतल्या अननसापासूनच सुरू व्हायला हवीत असं नाही. कित्येक मुलांनी अननस कधी पाहिलेलाच नसतो. स्वतःच्या नावापासून सुरू करा. एसटीची पाटी, दुधाची पिशवी, कालनिर्णयचं पान, दुकानांची नावं, ताईच्या लग्नाची पत्रिका, सगळीकडे अक्षरं पडलेली आहेत.

आता इंग्रजी शाळेचं. तुमच्यापैकी पुष्कळांची मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, त्यावर मी प्रवचन देणार नाही. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्यानं सगळ्या शाळांमध्ये मराठी शिकवणं सक्तीचं झालं, त्यामुळे तासाला मराठी असतेच. पण आठवड्यातल्या काही तासांवर कान भरत नाहीत. या मुलांचं मराठी वाचन अडतं ते अक्षरांवर कमी आणि शब्दांवर जास्त. त्यातून दिवसभर हिंदी कार्टून ऐकलेलं मूल ‘चारा’ हिंदीतल्यासारखा वाचतं, आणि मग घरातले हसतात. हसलात की संपलं. ते पुन्हा तुमच्यासमोर मराठी वाचणार नाही. अशा घरांत मराठी वाचून दाखवायची गरज जास्त आहे. आणि त्यानं इंग्रजीचं काही नुकसान होत नाही. गोष्ट कशी चालते, पुढं काय होणार याचा अंदाज कसा बांधायचा, एखादा शब्द अडला तर आजूबाजूच्या वाक्यांवरून तो कसा ओळखायचा, हे एका भाषेत जमलेलं मूल दुसऱ्या भाषेत सोबत घेऊन जातं. ज्या भाषेत तुम्ही स्वतः मोकळे आहात त्या भाषेत वाचा. अडखळत, उच्चारांची धास्ती घेत इंग्रजी वाचण्यापेक्षा मराठीत रंगून वाचलेलं बरं.

मोबाइलबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये सांगितलंय की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराहून जास्त नको. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणाला जमत नाही, त्यामुळे मी रागावत नाही. एवढंच लक्षात असू द्या की तुम्ही फोनवर अग्रलेख वाचत असलात तरी मुलाला दिसतो तो फोनच. आईबाबा वाचतात हे त्याला दिसायला हवं असेल, तर कागद हातात धरावा लागेल.

मग एक दिवस मूल स्वतः वाचू लागतं. घरात पेढे वाटले जातात आणि त्याच रात्री आपण घात करतो. ‘आता येतं ना तुला? वाच की तुझं तू!’ सात वर्षांच्या मुलाला जेवढं वाचता येतं, त्याहून कितीतरी मोठी गोष्ट ऐकून समजते. स्वतः वाचताना त्याच्या वाट्याला येतात तीन-चार शब्दांची वाक्यं. ऐकताना मात्र ते फुरसुंगीच्या फास्टर फेणेबरोबर सायकलवरून कुठंही जाऊ शकतं. या दोहोंमधलं अंतर भरून यायला काही वर्षं लागतात. तेवढ्या काळात ऐकवणं बंद केलं, तर मुलाच्या हिशोबात वाचता येण्याची शिक्षा ही, की चांगल्या गोष्टी गेल्या आणि आईबाबांची मांडीही गेली. तेव्हा थांबू नका. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’, भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’, दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ यांची प्रकरणं रोज एक अशी वाचा. अगदी रंगात आल्यावर ‘उद्या पुढचं’ म्हणून उठून जा आणि पुस्तक तिथंच राहू द्या. काही मुलं तेवढ्यात स्वतः डोकावतात.

आणखी काय वाचावं? लहानांसाठी माधुरी पुरंदऱ्यांची ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ची पुस्तकं, त्यांत राक्षस नाहीत, उपदेश नाही, तुमच्या-आमच्यासारखं घर आहे, आणि मुलं त्यात स्वतःला सापडतात. थोडं मोठं झाल्यावर त्यांचंच ‘वाचू आनंदे’. विंदा करंदीकरांच्या बालकविता मोठ्यानं म्हणायलाच लिहिल्यासारख्या आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरही मराठी चित्रपुस्तकं विनामूल्य आहेत. तीही मुलाच्या हातात फोन न देता, तुम्ही धरून वाचा. सुट्टीत महाबळेश्वरकडे गेलात तर भिलारला उतरा. २०१७पासून ते पुस्तकांचं गाव झालं आहे. घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात, बसायचं आणि वाचायचं. मुलाला तिथं कुठलं पुस्तक घे हे सांगू मात्र नका. त्यानं विनोदाचं घेतलं, भुताचं घेतलं, तेच तेच ट्रकचं घेतलं तरी त्याची निवड त्याची.

काही मुलांच्या बाबतीत एवढं सगळं करूनही वाचन अडतं. बोलण्यात चुणचुणीत, गोष्टी सुरेख सांगतात, पण दुसरी संपत आली तरी अक्षर आणि आवाज यांची गाठ बसत नाही, सोपा शब्द आज येतो आणि उद्या पुसला जातो. अशा वेळी आळशी म्हणून मोकळं होऊ नका. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. मग वाचन-अक्षमतेच्या दृष्टीनं जाणकारांकडून तपासणी करून घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अशा अध्ययन-अक्षमतेला मान्यता दिली आहे आणि परीक्षेत सवलतीही मिळतात. या मुलांना तर वाचून दाखवणं कधीच बंद करू नये. गोष्टींवरचा त्यांचा हक्क अक्षरांनी अडवायचं काही कारण नाही.

राहिला प्रश्न खर्चाचा. मुलांची रंगीत पुस्तकं महाग वाटतात, आणि एका घरानं किती घ्यायची? गावातल्या सार्वजनिक वाचनालयात बालविभाग असतो. बऱ्याच ठिकाणी तो कुलूपबंद कपाटात असतो, कारण ‘मुलं फाडतात’. जाऊन ते कपाट उघडायला सांगा. एकदा नाही उघडलं तर पुन्हा जा, चार पालक मिळून जा. तोवर सोसायटीतली किंवा आळीतली चार-पाच घरं एकत्र या. प्रत्येकानं महिन्याला एक पुस्तक घ्यायचं आणि ते फिरत ठेवायचं. कुणाकडे कुठलं पुस्तक गेलं याची एक वही करा, आणि ती सांभाळायला त्यातल्याच एका पाच वर्षांच्या कारभाऱ्याला द्या. त्याला अजून बाराखडी येत नसेल, तर तो पुस्तकाच्या नावाच्या जागी माऊ काढेल, ट्रक काढेल, चष्मेवाल्या ‘ईशान’च्या नावाऐवजी चष्मा काढेल. नोंद वाचायची वेळ आली की त्यालाच बोलवा.